लंघनाच्या दिवशीचे इन्सुलिन

एकदा एक भुसार मालाचा व्यापारी तापाने आडवा झाला. मधुमेह त्याला फार वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावे लागे. परंतु तापात लंघन करायचे, ही घरची रीत. त्याने अन्न सोडले, आणि अन्नच नाही तर इन्सुलिन कशाला, म्हणून तेही बंद केले. विचारपूस करायला आलेल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने मान डोलावली. "बरोबर आहे, काका. उपाशीपोटी टोचलं तर साखर एकदम उतरायची."

दुसऱ्या दिवशी त्याला मळमळू लागले, तहान भागेना. मुलगी घाबरून आपल्या गुरूंना, वृद्ध डॉक्टरांना, घेऊन आली. त्यांनी साखर मोजली, ती फार चढलेली निघाली; लघवी तपासली आणि सरळ इन्सुलिनची सुई भरली.

"तात्या, उपाशी माणसाला टोचता? मारायला आलात की काय?" व्यापारी डॉक्टरांना म्हणाला.

"मारायचं असतं तर तुमचा जिना कशाला चढलो असतो, शेठ? तुमच्याच मर्जीवर सोडलं असतं!"

"एकादशीला दोनदा खिचडी खाणारा माणूस," पत्नी डोळे पुसत म्हणाली, "आणि आत्ताच कसं लंघन सुचलं यांना!"

वृद्ध डॉक्टरांनी मीठ घातलेली पातळ पेज मागवली आणि मुलीला खाली रिक्षा थांबवून ठेवायला सांगितले. "पेज पोटात टिकली नाही किंवा श्वास जोरात चालू लागला, तर लगेच इस्पितळ."

"पण सर, साखर आली कुठून? काकांनी तर घासही घेतला नाही."

"यकृतातून. ताप आला की शरीर झुंजायला उठतं आणि साठवलेली साखर स्वतःहून रक्तात सोडतं. शेठ, दुकान बंद असलं तरी मालाचे ट्रक येतातच ना? त्याच दिवशी हमालांना सुट्टी दिलीत, तर पोती रस्त्यावर. इन्सुलिन नसलं की साखर रक्तात तुंबते, पेशी उपाशी राहतात, चरबी जाळू लागतात. त्यातून होणारं आम्ल जीव घेतं. आज त्याची नुसती चाहूल लागली आहे."

मुलीचे डोळे भरले. "मीच होकार दिला होता."

"तुला त्यांच्या भुकेची काळजी वाटली. ती वाटू दे, बाळ. फक्त काळजी वाटली की आधी साखर मोजत जा."

ती उशाशी बसली. घोट घोट पेज पाजत राहिली, मधूनमधून साखर मोजत राहिली. संध्याकाळी आकडा उतरू लागला, मळमळ थांबली. व्यापारी कुशीवर वळला. "पोरी, आता भूक लागली. म्हणजे आता सुई टळली ना?"

वृद्ध डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले.

"सुई टळणार नाही, काका," ती म्हणाली. "किती घ्यायची, ते मोजून ठरवू. बोट द्या."