टाकीमागचं औषध

“टाकीमागे उभा राहून काय घेत होतास?”

चंदिम दचकून वळला. हातातली वस्तू चीवरात गेली.

“काही नाही, भन्ते.”

“पुन्हा विचारू?”

“औषध घेत होतो. दम्याचं.”

थोरले भन्ते तालुक्याच्या दवाखान्यातून नुकतेच परतले होते. पायांवर स्टँडची धूळ तशीच होती. वैनगंगेकाठच्या त्या विहारात त्यांचा चढलेला आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

चंदिम त्यांचा शिष्य. तरुण भिक्खू, गोड गळ्याचा. आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहत बसण्याची साधना, तो शिकवायचा. ती शिकायला आसपासच्या गावांतून लोक येत, आणि ते आपल्यासाठी येतात हे त्याला ठाऊक होतं.

“गेल्या पौर्णिमेला काय सांगितलंस लोकांना?”

“श्वासाबद्दल बोललो.”

“शब्द सांग.”

चंदिमनं मान खाली घातली. “ज्यानं श्वास जिंकला, त्याला औषध कशाला.”

“लोक ‘साधु, साधु’ म्हणाले?”

“म्हणाले.”

“देवकाबाई मेश्राम त्यांच्यात बसली होती. घरी गेली आणि तिनं आपला दम्याचा पंप उकिरड्यावर फेकला. काल तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. ओठ निळे पडले होते.”

“आहे ना ती?”

“आहे. तुझ्यामुळे नव्हे.”

चंदिमच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. दोघांनाही ती ऐकू येत होती.

“आपण रागावलात, भन्ते.”

“हो.”

“राग सोडावा, असं आपणच तर…”

“सांगतो. आज सोडणार नाही. दाखव तो पंप.”

मुठीत मावेल एवढी ती प्लास्टिकची वस्तू. आत पावडरची कॅप्सूल घालायची, बाजूची बटणं दाबून तिला भोकं पाडायची आणि तोंडानं पावडर ओढून घ्यायची. भन्तेंनी झाकण उघडलं, आतली कॅप्सूल काढून उन्हात धरली. भोकं पडली होती. पावडर मात्र निम्म्याहून जास्त आतच होती, ओलसर होऊन चिकटलेली.

“हे घेतलंस तू?”

“घेतलं. मला लागूच पडत नाही हे औषध!” आता चंदिमचाही आवाज चढला. “सकाळ-संध्याकाळ घेतो. एक दिवस चुकवत नाही. तरी छाती वाजते ती वाजतेच. त्यात माझा काय दोष?”

“रिकामा ओढून दाखव.”

चंदिमनं पंपाचं तोंड ओठांत धरलं. त्यातच श्वास सोडला. मग चहा गरम आहे का ते बघावं, तसा हलकेच आत ओढला.

“जोरात ओढ.”

“आवाज होतो.”

“कसला?”

“कॅप्सूल आत फिरते. भिर्र असा… विहारात ऐकू जातो.”

“म्हणजे कुणाच्या कानावर पडू नये म्हणून तू इतकं हळू ओढतोस, की औषध छातीपर्यंत पोचतच नाही.”

“लोक माझ्याकडे श्वास शिकायला येतात, भन्ते! काय सांगू त्यांना? शिकवणाऱ्यालाच श्वास घेता येत नाही म्हणून?”

“हेच सांग.”

“मला नाही जमणार!”

तो ओरडला, आणि खोकल्यानं दुमडला. भन्तेंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चेहरा मात्र तसाच ठेवला.

खोकला थांबल्यावर ते त्याच कडक स्वरात म्हणाले, “नीट ऐक. कॅप्सूलला ओला हात लावायचा नाही. भोकं पाडलीस की तोंड बाजूला वळव आणि श्वास सगळा सोड. पंपात नाही, बाहेर. मग ओठ घट्ट आवळ आणि एका दमात ओढ. जोरात, खोल. भिर्र वाजलंच पाहिजे. झेपेल तेवढा वेळ आत धर, मग सोड. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढ. आणि शेवटी चूळ भरायची, औषध तोंडात राहू द्यायचं नाही.”

“आपल्याला हे कुणी सांगितलं?”

“देवकाबाईच्या शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्याला नर्स शिकवत होती. मी उभा राहून ऐकलं. तूही कुणाला विचारलं असतंस, तर तुलाही सांगितलं असतं.”

चंदिमनं पंप पुन्हा चीवरात ठेवला.

“संध्याकाळचं औषध राहिलंय ना?”

“राहिलंय.”

“ते दवाखान्यात घे. देवकाबाईसमोर.”

“भन्ते, एवढं नका करायला लावू…”

“ऊठ. बस येईल.”

दवाखान्यात देवकाबाई उशाला टेकून बसली होती. नाकात ऑक्सिजनची नळी होती. चंदिमला दारात पाहताच तिनं हात जोडले.

“माफी करा जी, भन्तेजी. माहीच साधना कमी पडली. मले श्वास काही जिंकता नाही आला.”

चंदिमनं चीवरातून पंप काढला. हात कोरडे करून कॅप्सूल घातली, बटणं दाबली. खिडकीकडे तोंड वळवून श्वास सोडला. मग ओठ आवळले आणि ओढला.

भिर्र…

खाटाखाटांवरची डोकी वळली. चंदिम डोळे मिटून श्वास धरून उभा होता. त्यानं तो सोडला, तेव्हा देवकाबाईचे जोडलेले हात सुटले होते.

“तुमीबी घेता?”

“घेतो. रोज.”

“आन् मले फेकाले लावला?”

“मी फेका असं कधी…” चंदिम म्हणाला, आणि थांबला.

“पोरगी माही रडून रडून अर्धी झाली. मी मरतोच होतो जी! तुमचं आयकून, तुमच्यावर भरवसा…”

पुढचं बोलायला तिला दम पुरला नाही. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

चंदिम थोरल्या भन्तेंकडे वळला.

“भन्ते, आता यांच्याशी काय बोलू?”

भन्तेंनी खाटेजवळचा पाण्याचा पेला उचलून त्याच्या हातात दिला.

“आधी चूळ भर.”