धनेशाची वाट

आपल्याला ठाऊक असलेली राज्यं आली आणि गेली, त्या सगळ्यांच्याही आधीची ही गोष्ट.

एका डोंगराच्या पायथ्याशी मोठं रान होतं. तिथल्या एका शहाण्या राजाने मरण्यापूर्वी सांगून ठेवलं होतं, की हे रान कोणा एकाचं नाही, सगळ्यांचं आहे. कोणीही यावं, डोळे भरून पाहावं आणि रिकाम्या हाताने परत जावं. लांबलांबून माणसं येत. त्यांना रान कळावं, त्यात त्यांचं मन रमावं, म्हणून गावाने एक वाटाड्या नेमला होता.

वाटाड्या मोठ्या मनाचा माणूस होता. कोणतं फूल कधी उमलतं, कोणती शीळ कोणत्या पाखराची, सगळं हौसेने सांगायचा. मुलांना खांद्यावर घ्यायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा. त्याला भीती एकाच गोष्टीची होती. परतणारा पाहुणा “काहीच दिसलं नाही” असं म्हणाला, की त्या दिवशी त्याला घास गिळवत नसे.

आता रान म्हणजे काही बाजार नव्हे, की गेलं आणि समोर सगळं मांडलेलं. हरीण आपल्या मर्जीने येतं, मोर आपल्या मर्जीने नाचतो. पण पाहुण्यांना घाई असते. मग वाटाड्या झुडपात खडा मारून ससे उठवू लागला, फांद्या हलवून पाखरं उडवू लागला. पाहुणे खूश, म्हणून तोही खूश. वाट दाखवता दाखवता आपण रानाची वाट लावतो आहोत, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. भली माणसं अशीच चुकतात, म्हणून तर त्यांच्या गोष्टी सांगाव्या लागतात.

एका उन्हाळ्यात त्याला एका जुन्या बेहड्याच्या झाडात धनेश पक्ष्याचं घरटं सापडलं. धनेशाची रीत तुम्हाला ठाऊक आहे का? मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत ती आपली पिसं झाडून टाकते, अंडी उबवते, पिलं वाढवते. तोवर तिला उडता येत नाही. नर रोज गळाभर फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. तो आला तर ती जगते, पिलं जगतात. नाही आला, तर सगळं संपतं. एवढ्या अफाट रानात तिने स्वतःला एका फटीच्या आणि एका सोबत्याच्या भरवशावर कोंडून घेतलेलं असतं. मला तर हे सांगतानाही अंगावर काटा येतो.

वाटाड्या पाहुण्यांना थेट त्या झाडाखाली नेऊ लागला. खोडावर काठीने टकटक केली, की मादीला वाटे नरच आला. तिची चोच फटीतून बाहेर येई आणि पाहुणे हरखून जात. एक घोळका निघाला की दुसरा येई. झाडाचा बुंधा कधी मोकळा राहीना.

रानाची कीर्ती ऐकून एके दिवशी राणी आली, सोबत तिचा कारभारी. वाटाड्याने ऐटीत खोडावर काठी वाजवली. चोच आली नाही. त्याने पुन्हा वाजवली. कारभारी म्हणाला, जरा जोराने वाजव. तेव्हा वाटाड्याने खोडाला कान लावला, आणि आतून बारीक आवाज आला.

“टकटक ऐकून मी चोच पुढे करते, आणि दर वेळी तूच असतोस,” मादी म्हणाली. “तो येतो रे. गळाभर उंबरं घेऊन समोरच्या झाडावर बसतो. खाली तुम्ही दिसता, तसाच माघारी जातो. माझी दोन पिलं आहेत. एक कालपासून आवाज करत नाही.”

वाटाड्याच्या हातातली काठी गळून पडली.

मागे राणी उभी होती. तिला काहीच न दाखवता परत पाठवलं, तर उद्यापासून हे काम आपल्याकडे राहणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी त्याने हात जोडले.

“राणीसाहेब, इथून मागे फिरू या. त्या लांबच्या खडकाआड बसू आणि धनेशाची वाट पाहू.”

कारभारी भडकला. राणीसाहेबांनी एका पाखराची वाट पाहायची, हे त्याच्या गळी उतरेना. खरंच होतं त्याचं. दरबार राणीची वाट पाही, जेवणाची पंगत पाही, पालखीचे भोई पाहत. तिने मात्र जन्मात कोणाची वाट पाहिली नव्हती.

“किती वेळ?” राणीने विचारलं.

“ते त्याच्या मनावर आहे. कदाचित आज येणारही नाही.”

राणीने वाटाड्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि खडकाआड जाऊन मातीवर बसली.

आधी तिला बसवेना. पदर सावर, पाय बदल, असं चाललं. मग हळूहळू रान जवळ आलं. वाळक्या पानांतून एक सरडा निघून गेला. मुंग्यांची रांग तिच्या पायाला वळसा घालून पुढे सरकली. कुठूनतरी पिकल्या फळांचा वास आला. कोणी दाखवत नव्हतं, तरी दिसत होतं.

ऊन कलू लागलं तेव्हा आभाळात लोहाराचा भाता चालावा तसा आवाज झाला. एक भलाथोरला पक्षी काळेपांढरे पंख पसरून आला आणि समोरच्या झाडावर बसला. त्याने मान वाकडी करून बुंध्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. कारभाऱ्यानेसुद्धा श्वास रोखून धरला होता.

मग धनेश झेपावला, खोडाला बिलगला, आणि गळ्यातून एकेक उंबर काढून फटीत देऊ लागला. आतून थरथरती चोच ते घेत होती. एवढ्या मोठ्या चोचीने एवढंसं फळ तो किती जपून धरत होता. सगळे भान हरपून पाहत राहिले. राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

“माझ्यासाठी रोज इतकी माणसं थांबतात,” ती हळूच म्हणाली, “पण कोणासाठी कोणी असं येताना मी आजवर पाहिलं नव्हतं.”

वाटाड्याचं काम गेलं नाही. त्या दिवसापासून मात्र तो प्रत्येक पाहुण्याला खडकापर्यंतच नेई आणि शेजारी बसून राही. कधी धनेश दिसे, कधी नुसतं रान. ज्यांना धनेश दिसला नाही, ते पुन्हा येत.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मादीने लिंपण फोडलं आणि ती बाहेर आली. तिच्यामागून एक पिलू आलं, फांदीवर डगमगलं आणि उडालं. पाहुण्यांना आनंद झाला, ते घरी गेले. वाटाड्या मात्र दुसऱ्या पिलाची वाट पाहत अंधार पडेपर्यंत खडकाआड बसून होता. ते आलं नाही.

ज्याला वाट पाहता येते, त्यानेच दुसऱ्याला वाट दाखवावी.