खिंडीतला अर्धा रस्ता

जनावरं आपले रस्ते आपणच बांधायची, त्या काळातली गोष्ट. इंदू कासवी लग्न होऊन खिंडीअलीकडच्या तळ्यात आली. माहेरचं तळं खिंडीपलीकडे, आणि मधले दगड तिला चढवत नसत. संक्रांतीपर्यंत रस्ता करायचं ठरलं.

काम मुंगूसरावांकडे होतं. त्यांनी दोरीनं अंतर मोजलं. "नदीकाठचा रस्ता एवढाच होता. मजुरीला शंभर पेंढ्या कडबा लागला. इथेही तेवढाच लागेल."

त्या रस्त्याची खडी वाहिलेली गोदी गाढवीण म्हणाली, "काय दिवस होते ते! डोंगर हिरवागार. चरत चरत खेपा घालायचो, पेंढी म्हणजे वरचा खाऊ. यंदा डोंगर उघडा आहे, सगळं पोट पेंढीवरच. राव, तो रस्ता केवढा होता ते तुम्ही विचारलंत. साल कसं होतं, ते नाही विचारलंत."

"मावशी, दोरी खोटं बोलत नाही," मुंगूसराव हसले.

कडबा अर्ध्या खिंडीतच संपला आणि गाढवं चारा शोधत निघून गेली. संक्रांत आली नि गेली. इंदू रोज रस्त्याच्या टोकापर्यंत चालायची. तिथून माहेरच्या उंबराचा शेंडा तेवढा दिसायचा. सासूबाई म्हणायच्या, "अर्धं माहेर तरी झालं!"

पुढच्या साली मुंगूसराव पुन्हा आले. दोरी खांद्यावरच ठेवून आधी डोंगरावर गेले, गवत चाचपून पाहिलं, मग गोदीपाशी येऊन बसले.

"मावशी, यंदा दिवसाला किती लागेल तुम्हाला?"

ते ऐकून इंदूनं बोचकं बांधायला घेतलं.