फीत बांधलेलं यंत्र

नदीकाठच्या एका गावात हौसाबाई नावाची एक बुरूडीण राहत होती. तिच्या सुपाची वीण इतकी घट्ट, की त्यातून राजगिऱ्याचा दाणा खाली पडत नसे. डाव्या हाताने ती बांबूच्या कामट्या ताणून धरी आणि उजव्याने विणी. एके दिवशी विणता विणताच तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय ओढत ती चालूही लागली, पण डावा हात लुळा पडला. धरणारा हातच गेला, तर विणणाऱ्या हाताने करायचं काय?

गावच्या धर्मादाय दवाखान्यात नुकताच एक रोबोट आला होता. तो हाताला व्यायाम देणारा होता. त्यात पंजा अडकवायचा आणि बोटं हलवायचा प्रयत्न करायचा. माणसाचा जोर जिथे संपे, तिथून पुढची हालचाल यंत्र करून देई.

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी तस्लीम हौसाबाईला म्हणाली, "मावशी, पहिले तीन-चार महिने फार मोलाचे. आत्ता हात लवकर शिकतो. मी तुमची मूठ चाळीस वेळा उघडते तर माझे हात भरून येतात, आणि बाहेर वीस जण बसलेत. यंत्र पाचशे वेळा उघडेल."

पण यंत्रावर पांढरी चादर होती आणि चादरीवर लाल फीत. दवाखान्याचे अध्यक्ष नानासाहेब यांना उद्घाटनाला मंत्रीच हवे होते, आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती.

हौसाबाई पाय ओढत नानासाहेबांच्या ओसरीवर गेली. "तेवढं यंत्र उघडा," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच आणलंय की," नानासाहेब म्हणाले. "पण पाहुण्यांच्या आधी तू त्यात हात घातलास, तर ते उष्टं नाही का व्हायचं? उष्टं ताट पाहुण्यापुढे ठेवतो का आपण?"

ओसरीवर पाच-सहा जण बसले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्र म्हणजे ताट नव्हे, हे एकालाही सुचलं नाही. हौसाबाईनेही जन्मात कधी पाहुण्याला उष्टं वाढलं नव्हतं. तिलाही ते पटलं आणि ती गप्प घरी आली.

पहिल्या महिन्यात मंत्र्यांचं अधिवेशन निघालं. दुसऱ्यात पितृपक्ष आला. तिसऱ्यात त्यांना सर्दी झाली. तस्लीमने पुन्हा विचारून पाहिलं, तेव्हा नानासाहेबांनी तिलाच विचारलं, "तुला नोकरीत कायम व्हायचंय ना?" तीही गप्प बसली.

इकडे हौसाबाईची बोटं आत वळू लागली. नखं तळव्यात रुतायला लागली. एक दिवस सुनेने बाजारातून प्लॅस्टिकचं सूप आणलं आणि तिच्यासमोरच तांदूळ पाखडायला घेतले. त्या दिवशी हौसाबाईच्या डोक्यात राग शिरला तो शिरलाच. आधी तो नानासाहेबांवर होता, मग माना डोलावणाऱ्यांवर, आणि शेवटी स्वतःवर.

पाचव्या महिन्यात मंत्री आले. मांडव पडला, फेटे बांधले गेले. फोटोसाठी एक आजारी माणूस हवा होता, म्हणून हौसाबाईला बोलावणं गेलं. नानासाहेबांनी बजावलं, "हात घालायचा, हसायचं आणि उठायचं."

फीत कापली. तिने हात घातला. ती हसली मात्र नाही. फोटो निघाले.

"झालं, ऊठ आता," नानासाहेब हळूच म्हणाले. "पाहुण्यांची जेवणं खोळंबलीत."

हौसाबाई उठली नाही. "तस्लीम, यंत्र चालू कर."

"अगं, आज नव्हे," नानासाहेब म्हणाले.

"पाच महिने मी खोळंबले, नानासाहेब. आता जेवणं खोळंबू द्या."

कॅमेऱ्यांपुढे आजारी बाईला हात धरून उठवायची कुणाची छाती झाली नाही. तस्लीमने एकदा नानासाहेबांकडे पाहिलं आणि बटण दाबलं. हौसाबाईने दात आवळून जोर केला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग महिनोन्महिने आखडत गेलेली मूठ कण्हत कण्हत उघडली. ती पाचशे वेळा उघडेपर्यंत हौसाबाई जागची हलली नाही. मंत्री उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. पंगतीतला भात गार झाला.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज येऊन बसू लागली. तिच्यामागे इतरही बसू लागले. वर्षभराने तिचा अंगठा आणि दोन बोटं मोकळी होऊन हलू लागली. उरलेली दोन आखडलेलीच राहिली. आता ती जाड कामट्यांच्या टोपल्या करते. सुपाची बारीक वीण तिला जमत नाही.

"आधीच बसले असते, तर?" तिने एकदा विचारलं.

तस्लीम खाली मान घालून म्हणाली, "नक्की नाही सांगता येत, मावशी. पण हात याहून बरा झाला असता."

"मग हे मला नको सांगूस," हौसाबाई म्हणाली. "नानासाहेबांना सांग. आणि चारचौघांत सांग."

तात्पर्य: गरजवंताच्या आधी मानकऱ्याची वाट पाहणारा माणूस मदत करत नाही, मदत अडवतो, आणि ती अडवली जात असताना भिडेपोटी गप्प बसणाराही त्या अपराधात वाटेकरी असतो.