शिळ्या आकड्यावर आजची तारीख

एका खोऱ्यात अकरा गावं होती, आणि त्या अकरा गावांत मिळून वेबसाइट बनवता येणारा माणूस एकच होता. त्याचं नाव दिगंबर. बाजाराच्या गावात त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं.

दिगंबरची वेबसाइट बनवण्याची रीत साधी होती. पाठीमागे एक शीट ठेवायची, म्हणजे उभ्या-आडव्या रकान्यांचा तक्ता. ज्याची माहिती त्याने आपल्या मोबाइलवरून त्या शीटमध्ये भरायची. शीटमध्ये भरलं की थोड्या वेळात ते वेबसाइटच्या पानावर दिसायचं. ना इंजिनियर लागायचा, ना कुणाची मनधरणी. हायस्कूलचं पान त्याने असंच केलं होतं, दूध डेअरीचं केलं होतं, मंगल कार्यालयाच्या मोकळ्या तारखांचं केलं होतं. लोक म्हणायचे, दिगंबरचं पान फार हुशार आहे. तो हसून म्हणायचा, "पानाला कसली अक्कल! आडात असेल तेच पोहऱ्यात येणार." हे त्याला पुरतं कळत होतं, एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं नाही.

त्या खोऱ्यात साप फार. पाच सरकारी दवाखाने होते, पण सापाच्या विषावरच्या औषधाच्या कुप्या कधी या दवाखान्यात असायच्या, कधी त्या. एका वर्षी भातकापणीत एका मजुराला घोणस चावली. नातेवाइकांनी त्याला तीन दवाखाने फिरवलं. चौथ्यात कुप्या होत्या, पण तिथं पोचेपर्यंत माणूस राहिला नव्हता. दिगंबर त्याच्या मातीला गेला होता. तिथून आला तो तडक दुकानात बसला आणि दोन दिवसांत त्याने एक पान उभं केलं.

पानावर पाचच ओळी होत्या. ओळीत दवाखान्याचं नाव, तिथल्या शिल्लक कुप्यांचा आकडा, आणि तो आकडा कोणत्या दिवशी लिहिला ती तारीख. कुप्या असतील तर ओळ हिरवी, नसतील तर लाल. पाचही दवाखान्यांतल्या सिस्टरांनी रोज सकाळी कपाट उघडायचं, कुप्या मोजायच्या आणि शीटमध्ये आकडा व तारीख भरायची, असं ठरलं.

काम चांगलं होतं. चांगल्याला चांगलंच म्हणावं. पहिल्या वर्षात सात माणसं वेळेवर बरोबर दवाखान्यात पोचली आणि जगली. अकरा गावांतल्या लोकांनी ते पान मोबाइलमध्ये अगदी वर ठेवलं. त्यातली तारीख तर मोठ्या कामाची निघाली. एखाद्या दवाखान्यापुढे परवाची तारीख दिसली की बाजारात कुणीतरी तिथल्या सिस्टरला हटकायचं, "बाई, तुमची तारीख शिळी झाली बरं का!" बाई ओशाळायच्या आणि दुपारच्या आत आकडा भरायच्या.

पण नव्याचे नऊ दिवस. सिस्टरांना लसीकरण होतं, बाळंतपणं होती, सर्वेक्षणं होती, भरायची रजिस्टरंच वीस-बावीस होती. बाजारातही लोक हटकून कंटाळले. तारखा मागे पडायला लागल्या, तसा दिगंबर रोज सकाळी पाचही ठिकाणी फोन करायला लागला. वर्षभर त्याने ते केलं. मग तोही थकला. एखादी ओळ चार दिवसांची शिळी दिसायची, एखादी आठ. तरी पान खरं बोलत होतं. कुठला आकडा शिळा आहे हे वाचणाऱ्याला दिसत होतं, आणि शिळा दिसला की तो आधी फोन करून विचारत होता.

अशात जिल्ह्याच्या एका स्पर्धेसाठी या पानाची निवड झाली. परीक्षक येणार असं ठरलं. खोऱ्याच्या विकास समितीचे अध्यक्ष आबासाहेब दुकानात आले, पान बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दिगंबरराव, हे काय? एका ओळीला आजची तारीख आणि दुसरीला आठ दिवसांपूर्वीची. पाहुण्यांना शिळं वाढणार काय?"

"आबासाहेब, सिस्टर रोज भरत नाहीत. खरी तारीख तीच आहे."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची! तारखेचा तो रकाना झाकून टाका. कुणाचं काय अडणार आहे?"

दिगंबरपुढे दोन वाटा होत्या. रोज सकाळी पुन्हा पाच फोन करायचे, विनवण्या करायच्या, बोलणी खायची आणि तारखा ताज्या ठेवायच्या. नाहीतर दोन मिनिटांचं काम करायचं. त्याने दोन मिनिटांचं काम केलं. तारखेचा रकाना झाकला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. पान उघडंबोडकं दिसतं म्हणून त्याने वरती ठळक अक्षरांत 'अद्ययावत माहिती' असं लिहिलं आणि शेजारी दिनांक टाकला. तो दिनांक रोज आपोआप बदलायचा. शीटमध्ये कुणी काही भरो वा न भरो, पानावर कायम आजचीच तारीख.

नदीकडच्या दवाखान्यात लीला सिस्टर होत्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलेली बाई, पण कुप्या मोजल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायची नाही. त्यांनी दुकानात येऊन विचारलं, "दिगंबर, मी तीन दिवस ट्रेनिंगला गेले होते. माझा आकडा कुणी भरला नाही. तरी वर आजची तारीख कशी रे?"

"सिस्टर, ती पानाची तारीख आहे. तुमच्या आकड्याची नाही."

"हे तुला ठाऊक. ज्याच्या घरात माणूस तडफडतोय त्याला कोण सांगणार?"

दिगंबरची मान खाली गेली. "बक्षिसाचं एवढं होऊ द्या सिस्टर, लगेच रकाना उघडतो," असं तो म्हणाला. त्या वेळी तो मनापासून म्हणाला होता.

बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ, मानपत्र. आबासाहेबांनी भाषणात पानाचं कौतुक केलं. वर्तमानपत्रात पानाचा फोटो आला. त्यात वरची तारीख ठसठशीत दिसत होती. आता रकाना उघडावा तर आठ-आठ दिवसांच्या शिळ्या तारखा चारचौघांत दिसणार. दिगंबरने आज-उद्या केलं आणि मग त्याला त्याचा विसर पडला, किंवा त्याने तो पाडून घेतला. लीला सिस्टर सोडल्या तर बाकीच्यांनी शीटमध्ये बघणंही सोडलं. कोण भरतंय आणि कोण नाही हे कुणाला दिसतच नव्हतं, मग लाजायचं कुणाला?

खोऱ्याच्या मधोमध, डोंगराच्या पायथ्याशी बाबू येडगे नावाचा धनगर राहायचा. घरात तो आणि त्याची बायको सगुणा. त्याच्या घरापासून डोंगराकडचा दवाखाना सहा किलोमीटरवर, आणि उलट्या दिशेला नदीकडचा नऊ किलोमीटरवर. दिवाळीनंतरची गोष्ट. भर दुपारी सगुणा गवताच्या पेंढ्या उचलत होती. पेंढीखालच्या नागाने तिच्या मनगटाला दंश केला.

बाबू घाबरला नाही. त्याने तिला चालू दिलं नाही, हात हलू दिला नाही, शेजाऱ्याचा टेंपो दारात आणला. मग मोबाइल काढून पान उघडलं. वर आजची तारीख होती. डोंगराकडच्या दवाखान्यापुढे बारा कुप्या, ओळ हिरवी. नदीकडच्यापुढे दहा, तीही हिरवी.

"जवळच्या दवाखान्यात बारा हाईत. वर चल," तो शेजाऱ्याला म्हणाला.

कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

घाटाचा रस्ता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगुणाच्या पापण्या जड झाल्या होत्या. शिपाई धावत बाहेर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे देवा! कुप्या संपून अकरा दिवस झाले. आमच्या सिस्टर रजेवर हाईत."

"पानावर बारा हाईत," बाबू म्हणाला.

"पानावर असतील. कपाटात न्हाईत."

डॉक्टर त्या दिवशी बैठकीला गेलेले. टेंपो तसाच माघारी फिरला. सहा किलोमीटर खाली, मग स्वतःच्याच दारावरून पुढे नऊ. सगुणाला बोलायचं होतं, पण जीभ वळत नव्हती. नदीकडच्या पुलाच्या अलीकडे तिचा श्वास थांबला. लीला सिस्टर दहा कुप्या बाहेर काढून दारातच उभ्या होत्या. शिपायाने त्यांना फोन केला होता. त्यांनी सगुणाची नाडी बघितली, तिच्या तोंडावर पदर ओढला आणि त्या पायरीवर बसून रडल्या.

तेराव्यानंतर बाबू दिगंबरच्या दुकानात आला. तो भांडायला आला नव्हता. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. त्या दिवशीच्या पानाचा फोटो त्यात होता.

"दादा, एवढं वाचून दावा. माझं वाचायला काय चुकलं का? सासरा म्हणतो, तू वरच्या रस्त्याला गेलास म्हणून माझी लेक गेली. मला झोप लागंना."

दिगंबरने फोटो बघितला. "तुझं काही चुकलं नाही बाबू. तिथल्या सिस्टरनं आकडा बदलला नव्हता. शीटमध्ये जे असतं तेच पानावर येतं."

बाबूने मान हलवली. फोटोतल्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि ही तारीख? ही बी सिस्टरनंच घातली काय?"

या माणसाला 'हो' म्हणून सांगणं सोपं होतं. त्याने विश्वास ठेवला असता, आधीही ठेवलाच होता. दिगंबरने मोबाइल त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "नाही. ती मी घातली. खरी तारीख मी झाकली होती. बक्षिसासाठी."

बाबूने शिवी दिली नाही की हात उगारला नाही. त्याने मोबाइल उचलून खिशात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "पानावर काहीच नसतं, तर मी आधी दोन्हीकडं फोन लावला असता. लीला सिस्टरचा नंबर हाय माझ्याकडं. तुमची तारीख बघितली म्हणून लावला न्हाई."

दाराशी जाऊन तो पुन्हा वळला. "एवढं माझ्या सासऱ्याला येऊन सांगा. लोकांच्या देखत सांगा."

दिगंबर गेला. लोकांच्या देखत सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. आबासाहेब म्हणाले, मी नुसतं सुचवलं होतं, करणारा तो. तेही खोटं नव्हतं.

दिगंबरने त्याच दिवशी आपोआप बदलणारी तारीख काढून टाकली आणि झाकलेला रकाना उघडला. दोन दिवसांपेक्षा जुना आकडा असेल तर त्या जागी 'माहिती नाही, फोन करा' असं यावं, अशी सोय केली आणि पुढे नंबर दिला. पुन्हा रोज सकाळी पाच फोन करायला लागला. हे सगळं त्याला आधीही करता आलं असतं. आता ते पान शंभर टक्के खरं होतं. पण अकरा गावांतल्या लोकांनी ते मोबाइलमधून काढून टाकलं होतं. दिगंबर बाजारात एकेकाला धरून सांगायचा, आता पान बरोबर आहे, बघत जा. लोक 'बरं बरं' म्हणायचे आणि पुढे जायचे.

पुढच्या कापणीत वरच्या वाडीतल्या एका बाईला साप चावला. घरच्यांनी तिला तीन दवाखाने फिरवलं. चौथ्यापर्यंत ती पोचली नाही. त्या दिवशी पानावरच्या पाचही ओळी अचूक होत्या. त्या कुणी उघडून बघितल्या नव्हत्या.

तात्पर्य: आपल्याला जे ठाऊक नाही तिथं 'ठाऊक नाही' असंच लिहावं. रिकामी जागा बघून माणूस चार ठिकाणी विचारतो. शिळ्या गोष्टीला ताजी म्हणून पुढे केलं की तो विचारायचा थांबतो आणि फसतो. आणि एकदा फसलेला माणूस पुढे खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.