धाकू पाथरवटाचा गानमंडप

खाडीवर पूल नव्हता आणि उनवलीला होडीनंच जावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. गरम पाण्याची कुंडं मात्र तेव्हाही होती. सांधे धरलेली माणसं लांबून लांबून यायची. नेम असा, की एकवीस पहाटा सलग पाण्यात बसायचं, तेही पाण्यावर ऊन पडायच्या आत. एक पहाट चुकली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

ही दुखणाईत माणसं दिवसभर कण्हत पडायची. त्यांच्या कानांवर चार सूर पडावेत म्हणून गावकीनं गाण्यासाठी मंडप बांधायचं ठरवलं आणि काम धाकू पाथरवटाला दिलं. धाकू हट्टाचा मोठा. दगड मनासारखा बसला नाही, तर दोन दोन दिवस जेवायचा नाही. त्यानं जांभ्याच्या भिंती उभ्या केल्या. ऐकणाऱ्यांचे गुडघे शेकावेत म्हणून फरशीखालून कुंडाचं पाणी खेळवलं. आणि भिंतींत, आत तोंड करून, साठ मडकी बसवली. सूर मडक्यात शिरेल, घुमेल आणि पार मागे आडव्या पडलेल्या माणसापर्यंत पोचेल, असा त्याचा बेत.

मडकी जुळवायची, तर समोर कुणीतरी गायला हवं. धाकूची बायको सगुणा गळ्याची गोड. ती जात्यावर बसली की शेजारणी हातातलं काम टाकून यायच्या. ती गायची आणि धाकू मडक्यात मूठ मूठ राख घालायचा, मडकं बोलेपर्यंत. हे काम पहाटेच व्हायचं. ऊन चढलं की खाडीचा वारा सुटतो, मग काही ऐकू येत नाही.

त्याच वर्षी सगुणाची बोटं आखडली, मग गुडघे. औषध दारातच होतं, पण पहाट एक आणि ती मागणारे दोन. तिचा नेम कधी सातव्या दिवशी मोडला, कधी बाराव्या. शेवटच्या खेपेला एकोणीस पहाटा पुऱ्या झाल्या. विसाव्या पहाटे ती कुंडाकडे निघाली, तर धाकू आडवा आला.

“आजच्या दिस चल गो. एकच मडकं ऱ्हायलंय.”

“अवो, दोनच पहाटा उरल्यात माज्या.”

“पुन्यांदा धरू नेम. पाणी काय पळून जातंय?”

पाणी नाही जात, माणूस जातं. पण हे त्या शहाण्याला कोण सांगणार! सगुणा मंडपाकडे वळली. मडक्यासमोर उभी राहून तिनं ओवी म्हटली:

“ऊन ऊन पाण्या बाई, थांब जरा घडीभर,
धन्याचं माझ्या मडकं हाये अजून मुकं भिंतीवर.”

मडकं बोललं. धाकू हरखला. पुढे तिचं दुखणं काळजापर्यंत चढलं, आणि मंडपावर कौलं बसली त्याच आठवड्यात ती गेली.

मंडप उघडला त्या दिवशी घाटावरून नावाजलेले गवई आले. त्यांनी सूर लावला, आणि तो गोधडीत शिरावा तसा भिंतीत विरून गेला. एकही मडकं बोलेना. सगळे धाकूकडे बघू लागले. त्याला तेव्हा उमगलं, की या मडक्यांना एकच आवाज ठाऊक आहे. फाटक्या गळ्यानं त्यानं ती ओवी म्हटली, आणि साठही मडक्यांतून सगुणा गायली, असं म्हणतात. मागे आडवी पडलेली माणसं उठून बसली. गवयांनी हात जोडले. ज्या कामासाठी धाकू झिजला ते साधलं होतं, आणि ते एकट्या त्यालाच ऐकवेना. कान झाकून तो बाहेर पळाला.

तेव्हापासून मडकी सगळ्यांनाच साथ देतात, असं म्हणतात. धाकूनं मात्र पुन्हा छिन्नी धरली नाही आणि मंडपात पाऊलही टाकलं नाही. मरेपर्यंत तो पहाटे पहाटे दुखणाइतांना पाठुंगळी घेऊन कुंडात उतरवत राहिला. सगळ्यांचे नेम त्यानं पुरे करून घेतले. जिचा करायचा होता तिचा तेवढा राहिला.

उनवलीत आजही मैफल सकाळची असते. गवई कितीही मोठा असो, तंबोरा लगेच गवसणीतून निघत नाही. आधी गावातलं कुणीतरी कुंडाच्या काठाशी जातं आणि हाक घालतं, “कोण ऱ्हायलंय का गो?”

मग सगळे थोडा वेळ थांबतात. गुडघे धरलेल्या बाईला कुंडाच्या पायऱ्या चढून यायला वेळ लागतो, म्हणून.