चिंचेनं घासलेली नाणी

सांगलीच्या नाणेप्रदर्शनात स्वतःचा नाणेसंग्रह कुलपात जपणाऱ्या परीक्षक खासनीसांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. वत्सलाबाईंनी दिवंगत नवऱ्यानं जमवलेली स्मारक नाणी मांडली होती. ती लखलखताना पाहून खासनीसांचा पारा चढला.

"घासलीत? घासलेलं नाणं मातीमोल! बाई, इतिहास धुऊन टाकलात!"

"दर लक्ष्मीपूजनाला मी चिंचेनं घासायची आणि हे शेजारी बसून एकेका नाण्याची गोष्ट सांगायचे," वत्सलाबाई हळूच म्हणाल्या. "आता हे नाहीत, पण गोष्टी सगळ्या पाठ आहेत. तुमच्या कुलपातल्या नाण्यांचा इतिहास तुमच्या घरात कुणाला येतो, साहेब?"

आजवर खासनीसांनी बायकोला नाण्यांच्या कपाटाला हात लावू दिला नव्हता.

घरी जाताच त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "अगं, थोडी चिंच भिजत घाल."